सुंठीचं अनुपान

दर बुधवारी सकाळी योगिनीच्या दवाखान्यात दोन वैद्य हजर असत. एक आतल्या खोलीत, आयुर्वेदाची पदवी भिंतीवर टांगून, टेबलापलीकडे. दुसरे बाहेरच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर ठेवून. पदवी आत होती आणि गर्दी बाहेर.

बाहेरचे वैद्य म्हणजे योगिनीचे वडील, सावळीराम नाना. निफाडजवळच्या गावातून पहिल्या एसटीने निघायचे, शहरात द्वारकेच्या चौकात उतरायचे, तिथून भिकनच्या रिक्षाने इंदिरानगरात लेकीच्या दारात. बुधवार कशासाठी, तर बाजारासाठी. गंगेवरच्या, म्हणजे नदीकाठच्या, बाजारात आपल्याला काम असतं असं नाना सांगत. ते काम काय ते कोणी विचारलं नाही, कारण नाना त्या बाजाराकडे कधी फिरकलेच नव्हते.

त्यांच्या खिशात पितळेची दोन झाकणांची डबी असे. एके काळी तिच्या एका बाजूला तंबाखू आणि दुसऱ्या बाजूला चुना होता. तंबाखू सुटली, डबी सुटली नाही. आता एकीकडे सुंठीची पूड आणि दुसरीकडे सैंधव. सुंठ नाना स्वतः निवडून आणत, मोडून बघत, घरी खलबत्त्यात कुटत आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळत. पण हाताची सवय तंबाखूचीच राहिली होती. चिमूट तळहातावर घ्यायची, अंगठ्याने मळायची, वर एक थाप मारायची आणि समोरच्याच्या हातावर ठेवायची. नवा पेशंट दचके. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात हे बाबा उघड उघड तंबाखू वाटतायत की काय?

"पोट डब्ब होतं? हे घ्या. भूक लागत नाय? हेच घ्या. सर्दी? तरी हेच," नाना सांगत. "अग्नी पेटला पायजे माणसाचा. चूल इझली तर सैपाक व्हईल का?"

लोक घेत. काहींना बरंही वाटे. बरं वाटलेला माणूस आत जाण्याची तसदी घेत नसे. "नानांना सांगा, फरक पडला" म्हणून परस्पर जाई. योगिनी आतून हे ऐके आणि पुढच्या नंबराची वाट बघे. सुंठ तीही देत असे, पण माणूस बघून, ऋतू बघून, पोटाची धाटणी बघून. नानांच्या लेखी माणसं सगळी सारखी आणि सगळ्यांचाच अग्नी मंद.

तिला याचा राग येत नव्हता असं नाही. पण खरा राग दुसराच होता. नाना बाहेरच्या बाकावर बसत ते काही लोकांचे अग्नी पेटवायला नव्हे. दवाखाना सासरच्या घराच्या तळमजल्यावर होता. वर गेलं तर कोणीतरी चहा पुढे करणार, पाणी देणार, जेवायला बसा म्हणणार. नानांना यातलं काहीच चालणार नव्हतं. लेकीच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही. लेकीला मूल झालं, नातवंड मांडीवर आलं, की मोकळीक. तोवर घोटभर पाणीसुद्धा नाही.

हा रिवाज निफाडकडे अजून बरेच जण पाळत, पण पाळता पाळता त्यातून वाट काढणारेच जास्त होते. कोणी म्हणे चहा चालतो, कोणी म्हणे विकतचं फरसाण चालतं. नानांनी कुठलीच पळवाट ठेवली नव्हती. येताना ते लेकीसाठी मेथी आणत, कोवळी भेंडी आणत, हंगामात द्राक्षांची पेटी आणत. विहीणबाईंचा फ्रिज गच्च भरून द्यायचा आणि आपण दिवसभर उपाशी बसायचं. घरून भाकरी बांधून आणावी, तर लेकीच्या दारात बसून आपली भाकरी खाणं म्हणजे तिच्या सासरच्यांच्या तोंडावर मारल्यासारखं, एवढं त्यांना कळत होतं. हॉटेलातलं खावं, तर ते तेलकट, अग्नी विझवणारं. मग उरलं काय? घरून आणलेली पाण्याची बाटली आणि डबीतली सुंठ. संध्याकाळची गाडी पकडेपर्यंत नाना एवढ्यावर काढत, आणि वर पोटाच्या आरोग्यावर लोकांना चार शब्द सांगत.

योगिनीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. ती आणि तिचा नवरा अमोल, दोघांच्याही तपासण्या झाल्या होत्या आणि बोट ठेवावं असं काही सापडलं नव्हतं. अमोलने विषय मिटवून टाकला होता. सासूबाई सुमनबाई जिभेने तिखट, पण या एका बाबतीत त्यांनी सुनेला कधी टोचलं नाही. नानांनीही कधी एका शब्दाने विचारलं नव्हतं. ते विचारण्याची गरजच नव्हती. त्यांनी बाकावर बाटली ठेवली की योगिनीला वाटे, झालं, विचारलं. दर बुधवारी सकाळी तो प्रश्न येऊन बाकावर बसे आणि संध्याकाळी उत्तराशिवाय परत जाई. आपल्या बापाने आपल्या घरात चार घास खावेत, आणि त्यासाठी आपल्याला आधी आई व्हावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं. मागणी फार मोठी नव्हती, पण ती कोणाकडे करायची हेच कळत नव्हतं.

चैत्रात तिच्या लक्षात आलं की नानांचा सदरा खांद्यावरून ओघळतोय. बोलता बोलता त्यांचा हात छातीखाली जातो आणि तिथे दाबून धरतो. एकदा त्यांनी तोंड फिरवून ढेकर दिला तेव्हा चेहरा आंबट झालेला तिने पाहिला.

"नाना, आत या. नाडी बघू द्या."

"माझ्या नाडीला काय झालं?"

"जळजळ होते ना?"

"तो अग्नी हाय. पेटलाय."

"पेटलाय तो तुम्हालाच जाळतोय. उपाशीपोटी दिवसभर सुंठ खाता, ती पण या उन्हाळ्यात. निदान मी देते ते औषध तरी घ्या."

नानांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने शिरा-पुरीचं ताट पुढे केलंय. "तुझ्या घरचं औषध म्हंजी काय, खानंच की. तोंडातूनच जाणार ना पोटात?"

"मग दुसऱ्या डॉक्टरकडे जा!"

"कशापायी? माझी लेक डाक्टर असताना मी दुसरीकडं जाऊ? लोक काय म्हणतील?"

ती आत गेली आणि पुढच्या पेशंटला जरा जास्तच कडू काढा लिहून दिला.

वैशाखात व्हायचं ते झालं. पडवीचा पत्रा तापला होता, पंखा गरम हवा फिरवत होता, आणि नाना भिकनला समजावत होते. भिकन मालेगावकडचा, रिक्षात बसून बसून गॅसने हैराण, नानांचा पट्टशिष्य. "आता बघ," नाना म्हणाले, "ज्याचा अग्नी चांगला त्याला ऊन लागत नाय, थंडी लागत नाय, कायपण..." आणि तिथेच त्यांची मान कलली. डबी खाली पडली, आणि तिच्यापाठोपाठ नाना.

योगिनी धावत बाहेर आली. जमिनीवर गुडघे टेकून तिने त्यांचं मनगट धरलं. डॉक्टर झाल्यापासून बापाची नाडी पहिल्यांदाच तिच्या हाती लागली होती, आणि ती मिळायला बापाला बेशुद्ध पडावं लागलं होतं. नाडी बारीक होती, भरभर चालली होती. तिला असा संताप आला की नाना शुद्धीवर असते तर ती त्यांच्यावर ओरडलीच असती.

आरडाओरडा ऐकून सुमनबाई पेल्यात मीठ-साखरेचं पाणी ढवळत खाली आल्या. तोवर नानांनी डोळे किलकिले केले होते. सुमनबाईंनी पेला ओठांना लावला. नानांना आपण कुठे आहोत हे धड कळत नव्हतं, उजवीकडे कोण आणि डावीकडे कोण हे कळत नव्हतं. पण पेला कोणाच्या घरचा आहे हे त्यांना बरोबर कळलं. त्यांनी दात घट्ट आवळले.

"अहो व्याही, पाणी आहे, विष नाही!" सुमनबाई ओरडल्या.

नानांनी मान हलवली. तेवढीच काय ती हलत होती.

शेवटी भिकनने डोकं लढवलं. फाटकाबाहेर शहाळ्याची गाडी उभी होती. फाटकाबाहेरची, म्हणजे लेकीच्या घरची नव्हे. त्याने शहाळं आणलं आणि नाना ते घटाघटा प्यायले. पिऊन झाल्यावर पहिली गोष्ट त्यांनी काय केली असेल, तर खिशात हात घालून शहाळ्याचे पैसे भिकनच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "डबी कुठं गेली माझी?"

त्या दिवशी नानांना भिकनच्याच रिक्षाने निफाडला सोडलं. संध्याकाळी सुमनबाई स्वयंपाकघरात मेथी निवडायला बसल्या, अर्थात नानांनीच आणलेली. त्या काड्या अशा मोडत होत्या की योगिनी लांबच उभी राहिली.

"आज तो माणूस माझ्या दारात मेला असता," त्या म्हणाल्या. "आणि लोकांनी काय म्हटलं असतं? व्याह्याला पाणी विचारलं नाही. सहा वर्षं मी चहाचा ट्रे घेऊन जिना उतरते आणि तसाच परत आणते. मला काही वाटत नसेल का? मूल काय माझ्या हातात आहे, की तुझ्या? आणि नाहीच झालं, तर हे काय जन्मभर बाटली घेऊन फिरणार?"

सासूच्या तोंडून हे सगळं असं सरळ येईल असं योगिनीला वाटलं नव्हतं. ती खाली बसली आणि मेथीची जुडी पुढे ओढली. दोघींनाही रडू येत होतं आणि दोघीही मेथी निवडत होत्या.

"मला सांग," सुमनबाई एकदम म्हणाल्या, "तुमच्या शास्त्रात ती सुंठ नुसतीच खातात? फक्की मारल्यासारखी?"

"छे. कोणी तुपाबरोबर देतं, कोणी गुळाबरोबर, कोणाला दुधातून. माणसाला सोसेल तसं. त्याला अनुपान म्हणतात. औषध पोटात नीट पोचवतं ते."

"म्हणजे ते तूप जेवणात धरायचं नाही?"

"नाही. तो औषधाचाच भाग झाला."

सुमनबाईंच्या हातातली काडी तशीच राहिली. "आणि औषध कोणाचं? सुंठ तर त्यांच्याच डबीतली."

योगिनीने सासूकडे पाहिलं. तिच्या पाच वर्षांच्या शिक्षणात हा मुद्दा कुठल्याच परीक्षेला आला नव्हता.

पुढच्या बुधवारी नाना आले, जरा खंगलेले, पण डबीसकट. बाकावर नेहमीची मंडळी होती. नानांनी बाटलीचं झाकण काढलं, तळहातावर सुंठ घेतली, आणि एवढ्यात सुमनबाई जिना उतरून आल्या. हातात ट्रे नव्हता. फक्त एक वाटी होती आणि वाटीत चमचा.

"व्याही, सुंठ कशाबरोबर घेता?"

"पान्याबरोबर. माझ्या."

"चुकतंय तुमचं."

नानांना आजवर लोकांनी पुष्कळ काही ऐकवलं होतं, पण सुंठीच्या बाबतीत चुकलात असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांचा अंगठा तळहातावर थांबला.

"अनुपान लागतं," सुमनबाई म्हणाल्या. हा शब्द त्या जन्मभर वापरत असाव्यात अशा थाटात म्हणाल्या. "त्याशिवाय सुंठ म्हणजे अर्धंच औषध. विचारा तुमच्या लेकीला."

योगिनी दारात येऊन उभी होतीच. "बरोबर आहे. पित्त वाढलेल्या माणसाने सुंठ कोरडी घेऊ नये. तुपाबरोबर घ्यावी."

"तूप तुमच्या घरचं," नाना म्हणाले.

"तूप माझं, पण सुंठ तुमची ना? औषध तुमचं. तूप त्याला नुसतं पोचवायला."

"रिक्षासारखं, नाना," भिकन म्हणाला. "पॅसेंजर तुमचा, रिक्षा दुसऱ्याची. रिक्षावाल्याच्या घरी जेवलो असं म्हणतं का कोणी?"

"बघा," सुमनबाई म्हणाल्या, "याला कळलं."

नाना अडचणीत सापडले. नाही म्हणावं, तर आपल्याच शास्त्रात आपण कच्चे ठरतो, तेही आपल्या पेशंटांसमोर. हो म्हणावं, तर समोर लेकीच्या घरची वाटी. त्यांनी लेकीकडे पाहिलं. "अनुपान म्हंजी जेवान नव्हं?"

"नाही."

"पुस्तकात लिवलंय?"

"लिहिलंय, नाना." ती खोटं बोलत नव्हती.

नानांनी सुंठ तुपात कालवली, डोळे मिटले आणि चमचा तोंडात घातला. सुमनबाई वाटी घेऊन वर गेल्या. त्यांची पावलं जिन्यावर इतकी हलकी वाजत होती, की गुडघेदुखीसाठी सुनेकडून तेल घेणारी बाई ती हीच का, असं कोणालाही वाटलं असतं.

एकदा दार किलकिलं झाल्यावर अनुपान हळूहळू अंग धरू लागलं. तूप सोसलं म्हणून त्याच्या जोडीला गूळ आला. मग गरम दूध आलं. मग योगिनीने गंभीर चेहऱ्याने सांगितलं की सुंठ जेवणाच्या पहिल्या घासाला घेतली तर सगळ्यात चांगली लागू पडते. पहिला घास म्हणजे मऊ भात. पण पहिला घास हा पहिला ठरायला दुसरा लागतोच, हे नानांनाही मान्य करावं लागलं. भातावर वरण ओघाने आलं. वरणभात गरमच पाहिजे, खाली आणेपर्यंत निवतो, म्हणून नानांनी जिना चढायला हरकत नाही असं ठरलं. वर पोचल्यावर पाणीही अनुपानातच मोडतं असा निकाल सुमनबाईंनी परस्पर दिला. आषाढ लागेपर्यंत अनुपानात भाकरी, शेपूची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि सणावाराला मांडे एवढं सगळं मावू लागलं होतं. सुमनबाई स्वयंपाकघरातून मोकळ्या आवाजात विचारत, "व्याह्यांचं अनुपान वाढू का? कुकरची एक शिट्टी राहिलीये."

सुंठ मात्र नेहमीसारखी असेच. ताटाच्या कडेला, मिठाच्या बाजूला, नाना आपल्या डबीतली चिमूट काढून ठेवत आणि पहिल्या घासाला लावत. तेवढ्या चिमटीच्या बळावर ते लेकीच्या घरी पोटभर जेवत होते आणि रिवाजाला धक्काही लागला नव्हता.

नाना सुधारले. सदरा खांद्यावर नीट बसू लागला, छातीखालचा हात खाली आला. हे कोणामुळे झालं याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. बाकावर बसून ते सांगत, "निस्ती सुंठ घ्यायची नाय. अनुपान पायजे. मला बघा. एवढीशी सुंठ, पण काय गुण!" लोक माना डोलावत. दोघातिघांनी आत येऊन योगिनीला विचारलं, "मॅडम, ते नानांचं अनुपान तुमच्याकडे मिळतं का? केवढ्याला पडतं?"

ती हसली. हे दिवस तिला फार बरे वाटत होते. बुधवारी दुपारी दवाखाना जरा लवकर आवरून ती वर जाई आणि बापासमोर बसून त्याचं जेवण बघत राही. नुसतं बघण्यातच तिचं पोट भरे.

पण जेवणाचं टेबल खिडकीशी होतं, आणि खिडकीसमोर शेजारच्या छायाबाईंची गॅलरी. छायाबाई मूळच्या पिंपळगावच्या, त्यामुळे निफाडकडचा रिवाज त्यांना पाठ. लेकीचा बाप सासरी जेवायला बसला, याचा अर्थ एकच होतो. अनुपानाचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. त्यांना फक्त ताट दिसत होतं.

भाजीच्या गाडीवर त्यांनी योगिनीचा हात दाबला. "लपवतेस काय गं? कळलंय आम्हाला. जप हो." योगिनी काही बोलायच्या आत त्या पुढच्या दारी पोचल्याही होत्या. आठवडाभरात सगळ्या गल्लीला कळलं. पेशंट तिला "जिना चढताना सांभाळून" म्हणू लागले. एकीने तर चिंचांची पिशवी आणून टेबलावर ठेवली आणि नाव न सांगता निघून गेली.

योगिनीने ती पिशवी ड्रॉवरमध्ये टाकली. दार लावून घेतलं आणि तोंडावर रुमाल दाबून रडली. नाही म्हणून प्रत्येकाला सांगत फिरायचं, आणि नंतर प्रत्येकाचा तो बिचारीवाला चेहरा बघायचा! पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. हे नानांच्या कानावर जाणार. आणि गेलं की ते बाटली घेऊन पुन्हा खालच्या बाकावर बसणार. लेकीची अशी चेष्टा आपल्या जेवणामुळे होते म्हटल्यावर ते मांड्यांकडेच काय, तुपाच्या चमच्याकडेही बघणार नाहीत.

त्या बुधवारी भिकननेच द्वारकेवर त्यांचं अभिनंदन केलं. "नाना, पेढे पाहिजेत! आजोबा होऊन राहिले तुम्ही!" भाडंही घेतलं नाही.

नाना आले ते गप्पच. बाकावर बसले. कोणीतरी पोट दाखवलं तरी डबी काढली नाही. योगिनीने दाराच्या फटीतून पाहिलं. झालं. संपलं हे सगळं.

दुपारी सुमनबाईंनी वरून हाक मारली, "व्याही, अनुपान तयार आहे!" आवाज नेहमीसारखा मोठा होता, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

नाना उठले नाहीत. योगिनी दारात उभी राहिली. बाकावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग नानांनी टोपी घातली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि एकेक पायरी चढत वर गेले. ती त्यांच्या मागून गेली.

ताट वाढलेलं होतं. बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, ठेचा, वरणभात. नाना बसले. डबी काढली, चिमूटभर सुंठ ताटाच्या कडेला ठेवली. आणि तेवढ्यात छायाबाई वाटी घेऊन दारातून आत आल्या.

"विरजण संपलंय हो आमचं," त्या म्हणाल्या. डोळे मात्र ताटावर होते. "अरे वा, नाना जेवायला बसले! बसा बसा. आता काय, हक्काचं घर झालं." मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढाच खाली, "कितवा महिना, नाना?"

योगिनीला वाटलं आपण आत निघून जावं.

सुमनबाई पुढे झाल्या. उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, इतके महिने घासूनपुसून ठेवलेलं. "अहो, कसलं काय! ते औषध घेतात. सुंठीचं अनुपान आहे ते. जेवण म्हणजे..."

नानांनी हात वर केला. सुमनबाई थांबल्या.

"अनुपान बिनुपान काय नाय, छायाबाई," नाना म्हणाले. "आन महिना पण नाय. पोरीला दिवस गेलेले नायत. जातील तव्हा जातील. नायच गेले तर नाय गेले. तिचं काय अडलंय?"

छायाबाईंची वाटी तशीच हातात राहिली. "मग तुम्ही... इथं... तुमच्याकडे तर पाणी पण..."

"भूक लागली," नाना म्हणाले. "लेकीचं घर हाय. जेवाया बसलो."

"पण रिवाज?"

"ऱ्हाऊ दे त्याला निफाडला. मी बुधवारी हितं असतो."

त्यांनी ताटाच्या कडेची सुंठ बोटांच्या चिमटीत उचलली, परत डबीत टाकली, झाकण दाबलं आणि डबी खिशात ठेवली. मग बाजरीच्या भाकरीचा तुकडा मोडला, भाजी उचलली आणि खाऊ लागले. घाईने नव्हे, लाजूनही नव्हे. शेतातून दमून आलेला माणूस आपल्या घरी जेवतो तसे. सहा वर्षं भुकेलेला माणूस होता तो, आणि ते त्याच्या जेवण्यात दिसत होतं.

सुमनबाईंनी पदराने चेहरा पुसला आणि छायाबाईंच्या वाटीत विरजण घातलं. जरुरीपेक्षा बरंच जास्त. छायाबाई ते घेऊन निघाल्या. दारात जरा घुटमळल्या आणि गेल्या.

"विहीणबाई, भाकरी वाढा," नाना तोंडात घास असतानाच म्हणाले. "आन योगू, भातावर तूप घाल. अशी उभी काय ऱ्हायलीस?"

योगिनीने तुपाची वाटी उचलली. चमचा शोधायला ती थांबली नाही. वाटीच भातावर उपडी केली. डोळ्यांतल्या पाण्याने तिला ताट नीट दिसत नव्हतं. वैद्य म्हणून तिने नानांना एवढं तूप कधीच लिहून दिलं नसतं.